वल्द सोनाजी

यादी अकरा कागदांची होती आणि त्यातले दहा पौर्णिमाच्या फाइलीत होते. दहावी-बारावीच्या मार्कशिटा होत्या, बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या होत्या, कॉलेज सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं जागच्या जागी होतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता. विषय उद्यानविद्या, त्यातही फुलशेती. प्रवेशपरीक्षेत मार्क चांगले होते, पण खुल्या यादीत बसतील एवढे नव्हते. जागा मिळाली ती ओबीसीतून, आणि त्या जागेला अकरावा कागद लागत होता, जात पडताळणीचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत तो दाखवला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या पोराला जाणार होती.

खासगी कॉलेजात बी.एस्सी.ला जागा रिकाम्याच पडल्या होत्या, म्हणून तेव्हा खुल्यातून भागलं. पण तेव्हापासून पौर्णिमा बापाला म्हणत होती की पडताळणीचा अर्ज टाकून ठेवू. देवीदास म्हणायचा, पाहू. चार वर्षं तो पाहूच म्हणत राहिला. माणूस आळशी नव्हता. पहाटे चारला उठून वावरात जाणारा, सहाच्या आत फुलांचे कट्टे रस्त्यावर आणून ठेवणारा गडी. असा माणूस एका अर्जाला चार वर्षं हूल देतो, तेव्हा कुठंतरी पाणी मुरत असतं. पौर्णिमाला ते कळलं नाही. तिला वाटायचं, बाप कागदाला भितो. आमच्या खारझिऱ्यात कागदाला कोण भीत नाही?

शेवटी जूनमध्ये तिनेच मोबाइलवरून अर्ज भरला. ऑगस्टात समितीचं पत्र आलं. तुमचा आजा जानराव शाळेत गेलेला नाही. त्याच्या जन्माच्या नोंदीत ‘जानू, बाप सोनाजी’ एवढंच आहे, जातीची जागा कोरी आहे. सदुसष्टच्या आधीचा जातीचा पुरावा द्या, नाहीतर बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं पडताळणी प्रमाणपत्र आणि दोघांची एक वंशावळ जोडा. सुनावणी नवमीला, अमरावतीला.

पत्र आलं त्या दिवशी ती वावरात होती. नाल्याकाठच्या तीन एकरांत दसऱ्याचा झेंडू उभा होता, अजून कळी न धरलेला. सत्यवती, तिची माय, शेवटचं निंदण करत होती. पौर्णिमाने पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आनंदाने म्हणाली की हे तर सोपंच झालं, अमोलदादाजवळ पडताळणी आहे. अमोल म्हणजे खुशालरावाचा पोरगा, पुण्याला इंजिनिअर. खुशालराव देवीदासचा चुलतभाऊ. दोघांची वावरं धुऱ्याला धुरा लागून. दोन्ही घरांत बोलणं नव्हतं, पण ते वावराचं भांडण आहे एवढंच पौर्णिमाला ठाऊक होतं. भाऊबंदकी कुठल्या घरी नसते?

सत्यवतीने विळा मातीत टेकवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. देवीदास पाइपाला पडलेलं भोक सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधत होता. तो बांधतच राहिला. पट्टी पुरी झाली तरी त्याचा हात गुंडाळायचा थांबेना.

तलाठी मॅडमच्या ऑफिसात ते तीनदा गेले आणि तीनदा त्या मीटिंगला गेलेल्या होत्या. गाठ पडली ती भाद्रपद सरता सरता, अवसेच्या आदल्या दिवशी. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी पौर्णिमाला खुर्ची दिली, देवीदासला बाकावर बसवलं, आणि वंशावळ काढायची म्हणून नाल्याकाठच्या वावराचा जुना फेरफार उघडला. वाचता वाचता त्यांनी चष्मा वर केला. मग पौर्णिमासाठीच म्हणून त्यांनी ती नोंद हळू आवाजात वाचली. दिवाणी न्यायालयाच्या हुकुमान्वये नत्थुजी हे मयत सोनाजी यांचे पुत्र नसल्याने त्यांचे नाव कमी केले.

पौर्णिमा म्हणाली, काहीतरी चूक असेल मॅडम, नत्थुजी म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. मॅडमनी बाकाकडे पाहिलं. देवीदास पायातल्या चपलेचा अंगठा नखाने कुरतडत बसला होता.

मॅडम म्हणाल्या की अमोल हा नत्थुजींचा नातू. कोर्ट म्हणतं नत्थुजी तुमच्या घरातले नाहीत. मग त्याची पडताळणी तुला कशी लावू? हुकूम बाजूला ठेवून वंशावळ दिली तर माझी नोकरी जाईल. फार तर एक करता येईल. ज्यांनी साक्ष दिली त्यांनी आता प्रतिज्ञापत्र करावं, समोरच्यांनीही सही करावी, मी ते फेरफाराच्या नकलेसह जोडून देईन. पुढे समिती काय मानायचं ते मानेल. साक्ष कोणी दिली हे त्यांनी विचारलं नाही. नोंदीखाली नाव होतंच.

घरी येताना मोटारसायकल नाल्याच्या पुलावर थांबवून देवीदासने लेकीला सांगितलं. तिच्याकडे पाठ करून सांगितलं. सोनाजीची पहिली बायको वारली तेव्हा जानराव तीन वर्षांचा होता. सोनाजीने पाट लावून दुसरी आणली, ती विधवा होती. तिच्या पोटी नत्थुजी इथेच, याच गावात जन्मला. गावातल्या म्हाताऱ्यांना हे चांगलं माहीत होतं. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी, हिस्से करायची वेळ आली आणि विहिरीचं हे नाल्याकाठचं वावर नत्थुजीकडे जायला लागलं, तेव्हा जानरावाला वकिलाने युक्ती सांगितली. पाटाची बायको होती ना? मग पोर ती कडेवर घेऊन आली होती म्हणा. म्हातारे साक्षीदार मरून गेले होते किंवा फितले होते. जानरावाला ऐकू कमी यायचं, म्हणून कोर्टात उभा राहिला तो देवीदास. त्याने शपथ घेऊन सांगितलं की नत्थुजी आमच्या रक्ताचा नाही, हे मी माझ्या बापाकडून लहानपणापासून ऐकत आलो. वावर यांचं झालं; नत्थुजीला राहिला तो त्याने स्वतः घेतलेला शेजारचा तुकडा. नत्थुजीने अपील केलं नाही. साठी उलटल्यावर लोकांपुढे बाप कसा शाबीत करू, असं तो म्हणाला म्हणे.

पौर्णिमाने विचारलं, “मंग खरं काय हाये बाबा?”

“खरं तं सगळ्यायले मालूम हाये.”

“तुमच्या तोंडून सांगा.”

देवीदासने पुलाच्या कठड्यावरचा एक खडा उचलला आणि पाण्यात टाकला. “चुलता होता माहा,” तो म्हणाला.

गंमत पाहा. ज्याला यांनी सोनाजीचा पोरगा नाही म्हणून शाबीत केलं, तोच एकटा सगळ्या खानदानात शाळेत गेला होता. चौथीपर्यंत. गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात शाईने लिहिलेलं होतं, नत्थु वल्द सोनाजी, जात माळी. खटल्याच्या वेळी ते रजिस्टर कोणाला आठवलं नाही. खुशालरावाने ते पुढे अमोलच्या पडताळणीसाठी शोधून काढलं. आणि ज्या जानरावाला कोर्टाने खरा वारस ठरवलं, त्याच्या जातीची जागा कोरी. देव असलाच तर कधीकधी फार बारीक काततो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे घटस्थापनेच्या आदल्या सकाळी, देवीदास पोरीला घेऊन खुशालरावाच्या ओट्याशी गेला. वीस वर्षांनी त्या ओट्याला त्याचा पाय लागला. खुशालराव सोयाबीनच्या मळणीची ताडपत्री शिवत बसला होता. त्याने दाभण थांबवलं नाही. लीलाबाई, त्याची बायको, दारातून पाहून आत गेली आणि बराच वेळ पाणी आलं नाही. वऱ्हाडात वैऱ्यालाही आधी पाणी देतात. मग पाणी आलं, पण ते पौर्णिमापुरतंच आलं. पौर्णिमाने पेला हातात धरला आणि बापाकडे न पाहता अर्धा पिऊन अर्धा त्याच्यासमोर ठेवला. देवीदासने तो उचलला नाही.

तिनेच सगळं सांगितलं. यादी, अकरावा कागद, नवमी, दसरा. अमोलदादाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स हवी आणि तुमची सही हवी, मोठेबाबा. खुशालराव ऐकत राहिला आणि शिवत राहिला. लीलाबाई चौकटीला धरून उभी होती. तिने एकच विचारलं, यानं माझ्या पोराच्या कागदाला काही होणार नाही ना? पौर्णिमा म्हणाली, नाही, तो शाळेच्या रजिस्टरावर झालेला आहे. म्हणाली खरी, पण तिलाही पक्कं माहीत नव्हतं.

मग खुशालरावाने दोरा दातानं तोडला.

“झेरॉक्स देतो. सही बी देतो. तुहा काही गुन्हा नाई पोरी,” तो म्हणाला. “वावर मले नाई पायजे. त्याच्याच पायी गेला माहा बाप.” मग पहिल्यांदा देवीदासकडे पाहिलं. “देवीदास, माहा बाप कवा मेला, याद हाये?”

देवीदास म्हणाला, “नवरात्रात. दुसऱ्या माळेले.”

“त्या दिवशी तुमी काय केलं?”

काय केलं ते सगळ्या गावाने पाहिलं होतं. फुलवाल्याच्या घरात सुतक आलं की दहा दिवस फुलाला हात लावत नाहीत. सुतकातलं फूल देवाला चालत नाही. भाऊबंदात कोणी गेलं की सगळ्या भावकीची फुलं झाडावरच राहतात, मग तो दसरा असो की दिवाळी. पण कोर्टात रक्ताचा नाही म्हणून सांगितलेल्या माणसाचं सुतक धरायचं कसं? धरलं तर शपथ खोटी ठरते. म्हणून नत्थुजीचं मढं ओट्यावर होतं आणि धुऱ्यापलीकडे जानरावाचं घरदार झेंडू तोडत होतं. पुढे पाच वर्षांपूर्वी जानराव गेला. तेव्हा खुशालरावाने, न बोलावता, दहाव्याला नदीवर जाऊन डोक्याचे केस उतरवले होते.

“आपल्यात माणूस दूर देशी मेला अन् खबर उशिरा आली, तं खबर आली त्या दिवसापासून सुतक धरतेत,” खुशालराव म्हणाला. “तुले खबर आज लागली असं समज. आजपासून दहा दिवस माह्या बापाचं सुतक धर. फुलाले हात लावू नोको. दहाव्याले डोकं काढ. मंग जिथं म्हणशीन तिथं सही देतो.”

त्या दिवसापासून दहावा दिवस म्हणजे नवमी. दसऱ्याचा झेंडू तोडायचे सगळे दिवस त्यात आले.

देवीदास हो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की खुशालरावच जरा गडबडला. जाताना देवीदासने ओट्यावरचा तो अर्धा पेला उचलला आणि पिऊन टाकला.

सत्यवतीने घरी हे ऐकलं आणि चुलीपुढून उठलीच नाही. तीन एकर झेंडू. रोपं तिने लावली होती, दोनदा निंदली होती, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तिची पाठ सोलली होती. पुरुष मंडळी इज्जतीच्या गोष्टी करतात आणि वाकायचं काम बाईच्या वाट्याला येतं. पौर्णिमाला वाटलं आता माय आकांत करेल. पण सत्यवती बराच वेळ काटकी मोडत बसली आणि मग म्हणाली की नत्थुमामाजी गेले त्या दिवशी मी दोन कट्टे तोडले. लीलाबाईचं रडणं धुऱ्यावर ऐकू येत होतं आणि मी तोडत होते. तू टोपल्यात झोपलेली होतीस.

“धरा सुतक,” ती नवऱ्याला म्हणाली. “पण पोरीचं काम झालं पायजे. नाई झालं तं मी तुमाले माफ करणार नाई. तुमाले बी अन् त्याहिले बी.”

घटाच्या दिवशी बापलेक तिवस्याला गेले. तहसीलच्या आवारात बाभळीखाली स्टॅम्प लिहून देणारा बसतो. तो कानाने अधू, म्हणून मोठ्याने बोलतो आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतो. भोवती रेशनकार्डवाले, पीकविमावाले, दोन-चार खारझिऱ्याचेही. त्याने वाचलं, मी देवीदास जानराव, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मी न्यायालयात दिलेली साक्ष खोटी होती. नत्थुजी हे माझे सख्खे नसले तरी माझ्या आजोबांच्याच रक्ताचे, माझे चुलते होते. वाचून तो थांबला आणि म्हणाला की पाटील, हे लिहून देता, पण उद्या कोणी खोट्या साक्षीची केस टाकली तर आत जाल. देवीदास म्हणाला, अंगठा देऊ की सही? एकजण मोबाइलमध्ये पाहिल्यासारखं करत ऐकत होता. पौर्णिमाला बापाचा राग येत होता आणि त्याची कीवही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे तिला नीट रागावताही येत नव्हतं. खुशालराव वेळेवर आला, सही केली, तलाठी मॅडमकडेही आला. पोरीच्या हातात अमोलच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स ठेवताना त्याने कडेने दुमडलेला कोपरा नखाने सरळ केला.

मग ते दिवस सुरू झाले.

झेंडू फुलला. त्या वर्षी फूल असं आलं की रस्त्याने जाणाऱ्या गाड्या थांबून लोक फोटो काढायचे. तिसऱ्या माळेला अमरावतीचा व्यापारी वावरावर आला, चौथीला पुन्हा आला. देवीदास धुऱ्यावर बसून सांगायचा, सुतक आहे. व्यापारी विचारायचा, कोण गेलं? चुलते. कधी? आणि देवीदास म्हणायचा, नवरात्रात. गावात मात्र हसू झालं. पानटपरीवर लोक म्हणायचे, मेल्यावर वीस वर्षांनी मढं उठलं. हसणाऱ्यांनीही नत्थुजीच्या वेळी यांच्याकडचीच फुलं दाराला लावली होती, पण ते कोण सांगणार?

पाचव्या माळेला पाऊस आला. दोन दिवस रिपरिप चालली. भरली फुलं पाणी पिऊन जड झाली, माना टाकून चिखलात टेकली. पौर्णिमा छत्री घेऊन तासातासातून, झाडांच्या ओळींमधून फिरायची. फूल वेळेवर तोडलं नाही तर झाड बी धरतं आणि नवी कळी काढायचं थांबतं, हे ती कॉलेजात शिकली होती. त्यावर तिला पैकीच्या पैकी मार्क होते. आता ते ती डोळ्यांसमोर रोज पाहत होती. पाकळ्यांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग काळ्या. वास बदलला. हात मागे बांधल्यासारखे ठेवून ती परत यायची. सत्यवती वावराकडे फिरकली नाही. ती घरात सारवायची, पुन्हा सारवायची.

देवीदासने मात्र सगळं नेमाने केलं. चटईवर झोपला, एक वेळ जेवला, दाढी केली नाही. पौर्णिमाच्या हे ध्यानात आलं की बापाला या दिवसांत झोप चांगली लागत होती. वीस वर्षं तो रात्री उठून अंगणात फिरायचा, ते त्याने बंद केलं होतं. तिला ते पाहून बरं वाटायला हवं होतं.

नवमीला दहावा. देवीदास आणि खुशालराव नदीवर जाणार होते, म्हणून पौर्णिमा एकटीच पहिल्या एसटीने अमरावतीला निघाली. जाताना बापाने फाइलीवर प्लास्टिकची पिशवी घातली, तिला रबर लावलं, आणि म्हणाला की आता कागद खरा आहे, भिऊ नको.

समितीच्या कार्यालयात तिचा नंबर दीडला लागला. साहेब साठीकडे झुकलेले, शांत माणूस. त्यांनी कागद घाईने नाही, एकेक करून पाहिले. शाळेच्या रजिस्टराची नक्कल पाहिली, अमोलचं प्रमाणपत्र पाहिलं, आणि फेरफाराच्या पानावर थांबले. मग प्रतिज्ञापत्र वाचलं. पुन्हा फेरफार वाचला.

“वडील आले नाहीत?”

“सुतकात आहेत सर.”

“कोण वारलं?”

पौर्णिमाने खाली पाहिलं. “नत्थुजी,” ती म्हणाली.

साहेबांना ते नाव समोरच्याच कागदावर दिसत होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले की बाई, शपथेवर दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच माणसाच्या. तेव्हा तो खोटं बोलला की आता, हे मी ठरवू शकत नाही. मला वाटतं आता खरं बोलतोय. पण मला काय वाटतं याला इथे किंमत नाही. कोर्टाचा हुकूम आहे, तो कोर्टानेच बदलला पाहिजे. तिथे दावा लावा, हुकूम फिरवून आणा, मी त्याच दिवशी प्रमाणपत्र देतो.

तिने विचारलं की किती दिवस लागतील. त्यांनी दिवस सांगितले नाहीत. ते म्हणाले, तुझे मार्क चांगले आहेत. पुढच्या वर्षी खुल्यातून पाहा. हे ते मनापासून म्हणाले आणि म्हणूनच तिला ते सहन झालं नाही. बाहेर जिन्यात येऊन ती रडली. एक बाई तिच्याजवळून आपल्या पोराचं प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून उतरली.

तिवस्याहून जीपने ती गावात आली तेव्हा दिवस मावळला होता. घराच्या अंगणात बल्ब लावला होता आणि पंगत बसली होती. दहाव्याचं जेवण. लीलाबाई पदर खोचून वरण वाढत होती, आपल्याच घरात असल्यासारखी, आणि सत्यवती पोळ्या आणून देत होती. देवीदासचं डोकं तासलेलं होतं. उन्हाने रापलेल्या तोंडावर ते पांढरं डोकं दुसऱ्या कोणाचं आणून बसवल्यासारखं दिसत होतं. त्याच्या शेजारी खुशालराव. दोघांच्या मध्ये एकच पाण्याचा तांब्या होता.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने सांगितलं. दोन वाक्यांत झालं. कागद मानला नाही, कोर्टात जा म्हणतात.

सत्यवतीच्या हातातली पोळी तशीच राहिली. मग खुशालरावाने घसा साफ केला आणि म्हणाला की जाऊ ना कोर्टात, मी येतो देवीदासबरोबर, आता काय, आम्ही दोघं भाऊ मिळून जाऊ. “लागू दे दहा वर्ष,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखर उमेद होती. देवीदासनेही मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते सगळंच तिच्यासाठी नव्हतं, हे पौर्णिमाला दिसलं.

“हो मोठेबाबा. तुमचं झालं,” ती म्हणाली.

लीलाबाईने पुढे होऊन तिचा हात धरला, पत्रावळ मांडली. पौर्णिमाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिने नळावर हात धुतले आणि पंगतीच्या टोकाला बसली. जेवताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण तिने दोनदा भात घेतला. सत्यवती पंगतीत बसली नाही. पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा केल्या, भांडी घासली आणि नवऱ्याशी एक शब्द न बोलता आत जाऊन पडली.

दसऱ्याच्या पहाटे तिघंही वावरात गेली. सुतक फिटलं होतं. उजाडायच्या आधी, मोबाइलच्या उजेडात, बऱ्यापैकी फूल शोधून शोधून तोडायचं होतं. बोटं काळ्या पाकळ्यांच्या चिकट्याने बरबटत होती. पाच-सहा झाडांमागे एखादं धड फूल निघत होतं. सत्यवती नाल्याच्या बाजूने एकटीच तोडत होती, पाठ करून. व्यापारी आज येणार नव्हता. तिवस्याच्या चौकात पोतं अंथरून बसावं लागणार होतं, तेही दुपारपर्यंत. उद्या पाचला अकोल्यात यादी पुढे सरकणार होती, आणि पौर्णिमाने ते कोणाला सांगितलं नाही.

देवीदास तिच्या शेजारच्या तासात होता. त्याने डोक्याला दुपट्टा बांधला नव्हता. दवाने त्याचं डोकं ओलं झालं होतं. मग टोपलं खाली ठेवून म्हणाला,

“मी खरं बोललो ना, पौर्णिमा?”

तिने हातातलं फूल फिरवून पाहिलं. एका बाजूने सडलेलं होतं. ते तिने खाली टाकलं.

“बोलले बाबा,” ती म्हणाली, आणि टोपलं उचलून पुढच्या झाडाकडे सरकली.